पुरुषांमधील मूत्र-असंयमावरील भौतिकोपचार

पुरुषांमधील मूत्र-असंयमावरील भौतिकोपचार ही लघवीवरील नियंत्रण सुटलेल्या पुरुषांसाठीची, शस्त्रक्रियेविना केली जाणारी उपचारपद्धती आहे. श्रोणितलाच्या स्नायूंचे व्यायाम, मूत्राशयाला वळण लावणे आणि पाणी पिण्याच्या व लघवीच्या सवयींत बदल करणे ही तिची मुख्य अंगे होत. प्रोस्टेट (पुरःस्थ) ग्रंथीवरील शस्त्रक्रियेनंतर सुटणाऱ्या लघवीवर तिचा विशेष वापर होतो. इच्छा नसताना मूत्र बाहेर पडणे म्हणजे मूत्र-असंयम. तो स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. वार्धक्यात त्याचे प्रमाण वाढते. तथापि तो वार्धक्याचा अटळ भाग नव्हे.

शरीररचना

प्रौढ व्यक्तीच्या मूत्राशयात साधारणतः ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. पुरुषांमध्ये ते रोखून धरण्याचे काम मुख्यतः दोन परिसंकोची स्नायू करतात. आतील स्नायू मूत्राशयाच्या मुखाशी असतो व तो इच्छाधीन नसतो. बाहेरील स्नायू प्रोस्टेटच्या खाली मूत्रमार्गाभोवती असून तो इच्छेने आवळता येतो. त्याच्या जोडीला श्रोणितल, म्हणजे माकडहाडापासून जांघेच्या पुढील हाडापर्यंत झोळीसारखा पसरलेला स्नायूसमूह, मूत्रमार्गाला आधार देतो. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत आतील स्नायूला बाधा पोहोचू शकते आणि मग सारा भार बाहेरील स्नायूवर व श्रोणितलावर येतो. हे स्नायू इच्छाधीन असल्यामुळेच ते व्यायामाने बळकट करता येतात. या उपचाराचा पाया हाच आहे.

प्रकार

खोकताना, शिंकताना, उठताना किंवा वजन उचलताना लघवी सुटणे हा ताणजन्य असंयम होय. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढल्यानंतर तो बहुधा आढळतो. अचानक तीव्र वेग येऊन स्वच्छतागृहापर्यंत पोहोचण्याआधीच लघवी होणे हा आवेगजन्य प्रकार होय. दोन्ही एकत्र असल्यास त्यास मिश्र असंयम म्हणतात. मूत्राशय पूर्ण रिकामे न होता तुडुंब भरून थेंबथेंब गळत राहिल्यास तो अतिप्रवाही असंयम ठरतो. त्यात व्यायामाआधी अडथळ्याचे निदान होणे अत्यावश्यक असते. याखेरीज लघवी करून झाल्यावर काही क्षणांनी कपड्यांत थेंब पडणे ही पुरुषांमधील सामान्य तक्रार आहे.

इतिहास

श्रोणितलाच्या व्यायामांना आधुनिक वैद्यकात स्थान मिळवून देण्याचे श्रेय अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांच्याकडे जाते. त्यांनी १९४८ साली प्रसूतीनंतरच्या स्त्रियांसाठी हे व्यायाम मांडले. त्यांना ‘केगेल व्यायाम’ असेही म्हणतात. या उगमामुळे ते केवळ स्त्रियांसाठीच आहेत, असा समज रूढ झाला. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियांचा प्रसार झाल्यावर पुरुषांच्या उपचारांतही त्यांचा अंतर्भाव झाला.

तपासणी

उपचारापूर्वी रुग्णाला सहसा तीन दिवसांची मूत्रनोंद ठेवण्यास सांगतात. तीत प्यालेले द्रव, लघवीची वेळ व प्रमाण आणि गळतीचे प्रसंग लिहिले जातात. गळतीचे माप काढण्यासाठी पॅडचे वजन वापरण्यापूर्वी व वापरल्यानंतर केले जाते. स्नायूंची ताकद रुग्णाच्या संमतीने गुदद्वारातून बोटाने तपासतात किंवा सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहतात. लघवीतील जंतुसंसर्ग, मधुमेह व चालू औषधे यांचाही विचार केला जातो.

उपचार

श्रोणितलाचे व्यायाम: नेमका स्नायू ओळखणे ही पहिली पायरी असते. ‘लघवीची धार मध्येच थांबवत आहोत’ किंवा ‘शिश्न आत ओढून घेत आहोत’ अशी कल्पना करून स्नायू आवळण्यास सांगितले जाते. पोट, नितंब व मांड्या सैल ठेवाव्या लागतात. श्वास रोखणे किंवा खाली जोर देणे चुकीचे ठरते. प्रचलित पद्धतीत स्नायू हळूहळू दहा सेकंदांपर्यंत आवळून धरतात व तितकाच वेळ सैल सोडतात. अशी आठ ते बारा आवर्तने दिवसातून तीनदा करतात. त्यांना जलद आकुंचनांची जोड दिली जाते. प्रथम झोपून, मग बसून व शेवटी उभे राहून सराव होतो. खोकण्यापूर्वी किंवा उठण्यापूर्वी क्षणभर आधी स्नायू आवळण्याची सवयही लावली जाते. परिणाम जाणवण्यास किमान तीन महिन्यांचे सातत्य लागते. प्रत्यक्ष लघवी करताना धार थांबवण्याचा नित्य सराव करू नये, तसेच मूत्रनलिका बसवलेली असताना व्यायाम थांबवावेत, असा सल्ला देतात.

मूत्राशयाचे प्रशिक्षण: आवेगजन्य प्रकारात दोन वेळच्या लघवीतील अंतर टप्प्याटप्प्याने वाढवले जाते. वेग आल्यावर धावत सुटण्याऐवजी थांबून स्नायू आवळणे व वेग ओसरल्यावर जाणे शिकवले जाते.

लघवीनंतरचे थेंब: लघवी झाल्यावर श्रोणितल जोराने आवळणे, किंवा वृषणकोशामागून पुढे बोटांनी दाब देत मूत्रमार्ग रिकामा करणे उपयुक्त ठरते.

उपकरणे: जैवप्रतिसाद यंत्रावर रुग्णाला स्वतःचे आकुंचन पाहता येते. स्नायू आवळताच येत नसल्यास विद्युत उत्तेजन वापरतात; हृदयात पेसमेकर असलेल्यांना ते सामान्यतः देत नाहीत.

परिणामकारकता

संशोधनाचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. बेल्जियममधील लूव्हेन येथे १०२ रुग्णांवर झालेल्या व २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन महिन्यांनी व्यायाम करणाऱ्यांपैकी ८८ टक्के, तर दुसऱ्या गटातील ५६ टक्के रुग्णांना नियंत्रण परत मिळाले होते. याउलट ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅप्स’ या मोठ्या चाचणीत, व्यक्तिगत मार्गदर्शन मिळालेले व नेहमीची शुश्रूषा मिळालेले रुग्ण यांच्यात वर्षअखेरीस लक्षणीय फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेनंतर अनेकांना काळाच्या ओघात आपोआपच नियंत्रण परत मिळते, हे या निष्कर्षांचा अर्थ लावताना ध्यानात घ्यावे लागते. व्यायामाने नियंत्रण लवकर परत येण्यास मदत होऊ शकते. मात्र दीर्घकालीन लाभाविषयी मतभेद आहेत. उपचार निर्धोक व अल्पखर्ची असल्याने तो प्रथम सुचवला जातो. सुमारे वर्षभरानंतरही त्रासदायक गळती राहिल्यास कृत्रिम परिसंकोची यंत्र बसवण्यासारख्या शस्त्रक्रियेचा विचार होतो.

दक्षता

लघवीत रक्त येणे, लघवी पूर्ण अडणे, ताप, किंवा पायांत अचानक अशक्तपणा व जांघेभोवती बधिरता जाणवणे ही तातडीने वैद्यकीय तपासणी करण्याची लक्षणे आहेत. अशा वेळी व्यायामावर विसंबून राहू नये.

गळतीच्या धास्तीने पाणी कमी पिणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. त्यामुळे लघवी दाट होऊन मूत्राशयाचा दाह वाढू शकतो आणि बद्धकोष्ठतेमुळे श्रोणितलावर ताण येतो. नागपूरसारख्या, उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्याही वर जाणाऱ्या शहरात या सवयीमुळे उष्माघाताचा व मूतखड्याचा धोकाही वाढतो. पाणी दिवसभरात विभागून पिणे, चहा-कॉफी मर्यादित ठेवणे आणि झोपण्यापूर्वीचे दोन तास द्रव कमी घेणे हा त्यावरील योग्य मार्ग होय.

महाराष्ट्रातील स्थिती

भारतातील भौतिकोपचाराच्या शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. १९५२ च्या पोलिओच्या साथीनंतर १९५३ साली के.ई.एम. रुग्णालयात पहिले विद्यालय निघाले. विदर्भात नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, डिगडोह येथील व्ही.एस.पी.एम. भौतिकोपचार महाविद्यालय आणि वर्ध्याजवळील सावंगी (मेघे) येथील रवी नायर भौतिकोपचार महाविद्यालय येथे या शाखेचे शिक्षण दिले जाते. राज्यातील भौतिकोपचारतज्ज्ञांच्या नोंदणीसाठी महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे.

उपचाराच्या मार्गातील मोठा अडसर संकोचाचा आहे. अनेक पुरुष ही तक्रार घरातही सांगत नाहीत. प्रवास, लग्नसमारंभ व देवदर्शन टाळत ते हळूहळू एकाकी होतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाला गळतीची शक्यता सांगून व्यायाम शिकवल्यास हा संकोच कमी होण्यास मदत होते.

हे सुद्धा पहा

प्रोस्टेट ग्रंथी
मूत्राशय
भौतिकोपचार