चेंडू, विटा आणि बंदूक

अटारी कंपनीचा 'पाँग' १९७२ साली आला तेव्हा त्यात होतं तरी काय? काळ्या पडद्यावर दोन दांड्या आणि एक ठिपका. पण खेळायला दोघं लागायची. जोडीदार नसला की नाणं खिशातच राहायचं. कंपनीचे संस्थापक नोलन बुशनेल आणि अभियंता स्टीव्ह ब्रिस्टो यांनी दुसऱ्या खेळाडूच्या जागी विटांची भिंत उभी केली. हाच १९७६चा 'ब्रेकआउट'.

त्याच्या सर्किटचं काम स्टीव्ह जॉब्जकडे आलं आणि त्यानं ते मित्र स्टीव्ह वॉझनियाककडून करून घेतलं. चिप्स जितक्या कमी, तितका बोनस जास्त, अशी बोली होती. वॉझनियाकनं हेवलेट-पॅकार्डची नोकरी सांभाळून चार रात्रींत पन्नासहून कमी चिप्समध्ये आराखडा बसवला. तो इतका घट्ट विणलेला होता की अटारीला तसाच वापरता आला नाही. वॉझनियाकच्या हाती ३५० डॉलर पडले. हजारोंच्या बोनसचा त्याला पत्ताच नव्हता. मैत्रीतला हा हिशेब! बाजारात आलेल्या यंत्राचा पडदा कृष्णधवल होता. विटांचे रंग वर लावलेल्या रंगीत पट्ट्यांचे.

जपानच्या ताइतो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकादोंनी त्यातली गोडी नेमकी हेरली: समोरचं सगळं एकेक करून संपवायचं. विटांच्या जागी ५५ परग्रहवासी आले, तेही उलट गोळ्या झाडणारे, आणि १९७८ साली 'स्पेस इनव्हेडर्स' झाला. शत्रू घटतात तसा उरलेल्यांचा वेग वाढतो, ही त्यातली खरी गंमत मुळात ठरवून केलेली नव्हती. चित्रं कमी झाली की प्रोसेसरवरचा भार हलका व्हायचा, एवढंच. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं.

१९८६ साली ताइतोनंच दोन्ही धागे 'अर्कनॉइड'मध्ये एकत्र विणले. खाली दांडी, वर विटा. काही विटा फुटल्या की त्यांतून कॅप्सूल पडते. एकीनं दांडी लांबते, दुसरीनं चेंडू चिकटतो, तिसरीनं एकाचे तीन होतात. लाल झेलली की दांडीलाच लेझर बंदूक फुटते! ३३व्या फेरीत 'डोह' नावाचा भलामोठा चेहरा समोर ठाकतो.

पण खरी कसोटी त्याच्या कितीतरी आधी लागते. कॅप्सूल डाव्या कोपऱ्यात पडतेय, चेंडू उजवीकडे येतोय आणि दांडी एकच. हा पेच ना 'ब्रेकआउट'मध्ये होता, ना 'स्पेस इनव्हेडर्स'मध्ये. 'अर्कनॉइड'ला नक्कल म्हणणाऱ्यांनी त्याच्या दोनचार फेऱ्या तरी खेळून पाहाव्यात.