‘लिहिणें’ या क्रियापदाची कुळकथा

कागदावर लेखणी चालूं लागली कीं ‘लिहिणें’ झालें, असें आज सर्वांस वाटतें. परंतु या क्रियापदाचा जन्म कागदाच्या पुष्कळ आधींचा आहे. संस्कृत ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थ ओरखडणें, कोरणें असा आहे. त्याचें जुनें रूप ‘रिख्’ ऋग्वेदांत आढळतें. प्राकृतांत ‘लिख्’चें ‘लिह’ झालें आणि त्यापासून मराठींत ‘लिहिणें’ आलें. घरोघरची ‘रेघ’ ही याच कुळांतली. चित्र काढण्यासही हाच धातु चाले. म्हणून चित्रास ‘आलेख्य’ हें नांव मिळालें.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांत अशोकानें खडकांवर धर्माज्ञा कोरविल्या. गिरनारच्या लेखांत त्यासाठीं ‘लेखापिता’, म्हणजे लिहविली, हाच शब्द आहे. कोंकणांत सोपारा येथें त्याच्या आठव्या आज्ञेचा तुकडा १८८२ सालीं सांपडला. या लेखांची लेखणी म्हणजे छिन्नीच होय.

चीनमध्यें शब्दाची वाट निराळी. तेथील ‘शू’ या क्रियापदाचा अर्थ लिहिणें. आजच्या बोलींत मात्र तो शब्द मुख्यतः पुस्तकाचा वाचक आहे. त्याच्या जुन्या चिन्हाचा वरचा भाग म्हणजे कुंचला धरलेला हात. खालचा भाग मूळचा उच्चार सुचविणारा. शांग राजवटींत हाडांवर अक्षरें कोरीत असत, तरी कुंचला धरलेला हात तेव्हांच्या चिन्हांतही दिसतो. १९५६ सालच्या लिपिसुधारणेंत चिन्ह सोपें झालें आणि तो हात ओळखेनासा झाला. चीननें लेखनाची आठवण चिन्हांत ठेविली. मराठीनें ती ध्वनींत ठेविली.

त्या आठवणीचा साक्षात्कार रत्नागिरी जिल्ह्यांतील सड्यांवर होतो. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू, देवाचें गोठणें येथें प्रागैतिहासिक माणसानें जांभ्या कातळांत आकृति कोरल्या आहेत. कशेळीच्या एका प्रचंड हत्तीच्या पोटांत अनेक लहान प्राणी सामावले आहेत. या आकृतींतून कोणतीही भाषा वाचतां येत नाहीं. म्हणून त्यांस लिपि म्हणतां येणार नाहीं. परंतु त्या माणसाच्या कृतीस ‘लिख्’ हा धातु मूळ अर्थानें तंतोतंत लागूं पडतो.

२०२२ सालीं यांतील कांहीं स्थळें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत आलीं. पण ज्या जांभ्यावर हें कोरलेलें आहे, त्याच जांभ्याचे चिरे काढून कोंकणांत घरें बांधतात. कागदावरचा मजकूर हरवला तर त्याची दुसरी प्रत सांपडूं शकते. चिरेखाणींत गेलेल्या रेघेची प्रत कोठेंही नसते.