विमानाची द्वारसुरक्षा, इंधन भरतानाची

प्रवासी विमानात बसलेले असताना किंवा चढत-उतरत असताना इंधन भरावयाचे झाल्यास प्रवासी कक्षाची दारे, दारांजवळील कर्मचारी आणि दारांबाहेरील जागा यांविषयी जी दक्षता घेतात, तिला द्वारसुरक्षा म्हणतात. आग लागू नये हा इंधनभरणाच्या सर्वसाधारण नियमांचा हेतू असतो. ती लागलीच तर माणसे वेळेत बाहेर पडावीत, हा द्वारसुरक्षेचा हेतू होय.

इतिहास : विमानवाहतुकीच्या आरंभकाळी इंधन डब्यांतून हाताने भरीत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईस हवाई टपाल आणले, तेव्हा वाटेत अहमदाबादला त्यांच्या विमानासाठी इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते. त्या काळी वापरात असलेल्या पेट्रोलची वाफ ०° से. पेक्षा पुष्कळ खालच्या तापमानासही ठिणगीने पेट घेते. त्यामुळे प्रवाशांना उतरवून टाक्या भरणे हीच सामान्यतः सुरक्षित रीत होती. जेट विमानांबरोबर केरोसीन वर्गातील इंधन रूढ झाले. जेट ए-१ या इंधनाच्या वाफेला पेट घेण्यासाठी किमान ३८° से. तापमान लागते. शिवाय पंखाखालील जोडातून जाड नळीने दाबाखाली इंधन भरणे शक्य झाले. थांब्याचा वेळ वाचविण्यासाठी प्रवाशांना आतच ठेवण्याची प्रथा यातून वाढली. तथापि तुषाररूपाने उडालेले केरोसीन ३८° से. च्या खालीही पेटू शकते. म्हणजे धोका कमी झाला, नाहीसा झाला नाही.

नियम : १९४४ च्या शिकागो करारास जोडलेल्या सहाव्या परिशिष्टानुसार, प्रवाशांना तातडीने बाहेर काढण्यास सज्ज असे प्रशिक्षित कर्मचारी उपस्थित नसल्यास प्रवाशांसह इंधन भरता येत नाही. इंधनभरणावर देखरेख करणारा जमिनीवरील कर्मचारी व विमानातील कर्मचारी यांच्यात संभाषणाचे साधन चालू असावे लागते. तपशील देशोदेशी भिन्न असले, तरी आसनपट्टे सोडलेले असणे, मार्गिका मोकळ्या असणे, धूम्रपानास बंदी आणि निर्गमदारांखालील जमीन मोकळी असणे या अटी सामान्यतः आढळतात. कक्षात इंधनाचा वास आल्यास भरणे ताबडतोब थांबवितात.

दारांचा प्रश्न : उड्डाणापूर्वी दाराची फुगणारी घसरगुंडी जमिनीलगतच्या दांड्याने विमानाशी जोडतात, मग दार आतून उघडताच ती आपोआप फुगते. विमान थांब्यावर आले, की ही जोडणी सोडवितात, कारण अवचित फुगलेली घसरगुंडी बाहेरील कामगारास जबर इजा करू शकते. इंधन भरताना मात्र आतील प्रवाशांना तीच घसरगुंडी हवी असते. दोन जीवितांच्या सुरक्षेतील हा विरोध सोडविण्यासाठी काही दारे सज्ज ठेवून त्यांजवळ कर्मचारी उभे करतात. अनेक आधुनिक विमानांत दार बाहेरून उघडल्यास जोडणी आपोआप सुटते.

अमेरिकेत १९६५ पासून निर्गमनाचे प्रात्यक्षिक २ मिनिटांत व १९६७ पासून ९० सेकंदांत पूर्ण करण्याची अट आहे. त्यात निम्मीच दारे वापरतात. थांब्यावरील स्थिती मात्र वेगळी असते. एका दाराशी एरोब्रिज, दुसऱ्याशी खाद्यपदार्थांची गाडी आणि मार्गिकेत सामान ठेवणारे प्रवासी असतात. त्यामुळे तो ९० सेकंदांचा हिशेब येथे जसाच्या तसा गृहीत धरता येत नाही.

दुर्घटना : २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टर येथे धावपट्टीवर बोइंग ७३७ च्या पंखातील टाकी फुटून आग लागली. पुढच्या उजव्या दाराच्या घसरगुंडीच्या पेटीचे झाकण अडकल्याने ते दार प्रथम उघडले नाही. ५५ जण मृत्युमुखी पडले. ५ सप्टेंबर २००१ रोजी डेन्व्हर येथे उभ्या असलेल्या बोइंग ७७७ मध्ये इंधन भरताना नळीचा जोड निखळून आग लागली. प्रवासी बचावले, इंधन भरणारा कर्मचारी मात्र भाजून मरण पावला. २० ऑगस्ट २००७ रोजी नाहा येथे थांब्यावर आलेल्या बोइंग ७३७ च्या टाकीतून गळणारे इंधन पेटले. तथापि विमानाचा स्फोट होण्यापूर्वी त्यातील सर्व १६५ जण बाहेर पडले. पहिल्या व तिसऱ्या घटना इंधन भरतानाच्या नव्हत्या. परंतु जमिनीवरील आगीत निष्पत्ती बव्हंशी दारांच्या सज्जतेवर अवलंबून असते, हे त्यांवरून स्पष्ट होते.