सांपडलेली वस्तु आणि तिचा धनी

वाटेंत पडलेली थैली जो उचलतो, तो त्याच क्षणीं एका अनोळखी माणसाचा विश्वस्त बनतो. ही कल्पना आपल्याकडे परकीय कायद्याबरोबर आली, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती बरोबर नाहीं.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, ज्या द्रव्याचा धनी कळत नाहीं तें राजानें तीन वर्षें सांभाळावें. त्या मुदतींत हक्क सांगणारानें वस्तूचें रूप, संख्या आणि ती हरवल्याचें स्थळ व काळ बिनचूक सांगावा. खोटें बोलल्यास तिच्या किमतीइतका दंड भरावा. राखणावळ म्हणून राजानें सहावा, दहावा किंवा बारावा हिस्सा घ्यावा. जकातदार व राखणदार यांनीं आणून दिलेल्या वस्तूंस याज्ञवल्क्यानें एका वर्षाचीच मुदत घातली. कौटिल्यानें हरवलेली गाय किंवा म्हैस सोडवून नेण्यास दोन पण असा दर ठरविला. मात्र या व्यवस्थेंत मुख्य राखणदार राजा. सांपडविणाराचा स्वतःचा अधिकार असा फारसा नव्हता.

तो अधिकार इंग्लंडांत १७२२ सालीं एका गरीब मुलामुळें ठरला. धुराडीं साफ करणाऱ्या या पोरास एक रत्नजडित दागिना सांपडला. किंमत विचारण्यास तो सोनाराकडे गेला, तेव्हां दुकानांतील उमेदवारानें वजन करण्याच्या मिषानें खडे काढून घेतले आणि रिकामें कोंदण परत केलें. न्यायालयानें निर्णय दिला कीं, सांपडविणारा पूर्ण मालक होत नाहीं. तथापि खऱ्या धन्यावांचून इतर कोणीही ती वस्तु त्याजपासून हिरावून घेऊं शकत नाहीं.

हिंदुस्थानांत १८६० च्या दंडसंहितेनें याची दुसरी बाजू स्पष्ट केली. वस्तु उचलणें हा गुन्हा नव्हे; परंतु धनी ठाऊक असतां, किंवा त्याचा शोध लागण्याजोगा असतां, योग्य तपास न करितां ती पचविणें हा गुन्हा होय. रस्त्यांत सांपडलेल्या एका रुपयाचा धनी कळणें कठीण. पण नोट असलेल्या पाकिटावर पत्ता लिहिलेला असेल, तर अज्ञानाची सबब चालत नाहीं. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली, तरी हें तत्त्व कलम ३१४ मध्यें कायम आहे.

१८७२ चा करार कायदा आजही चालू आहे. वस्तु ताब्यांत घेणारानें ती ठेवीप्रमाणें, शहाणा मनुष्य स्वतःची वस्तु जपतो तशी जपावी, असें तो म्हणतो. त्याबद्दल झालेला खर्च मिळेपर्यंत ती अडवून ठेवतां येते. बक्षिसासाठीं दावा मात्र तें आधीं जाहीर झालें असेल तरच चालतो. धनी सांपडत नसेल, किंवा रास्त खर्च देण्यास नाकारीत असेल, आणि नेहमीं विकली जाणारी ती वस्तु नासण्याच्या बेतांत असेल किंवा खर्च किमतीच्या दोनतृतीयांशांवर गेला असेल, तरच ती विकतां येते.

पूर्वीं राजा हक्क सांगणारास वस्तूची खूण विचारी. आतां कायदा सांपडविणारास विचारतो कीं, धन्याचा शोध तूं किती केलास?