रुमाल, दप्तर आणि हार्ड डिस्क : सातारा-सांगलीच्या कागदांची गोष्ट

इतिहासाच्या व्याख्यानमालेत हार्ड डिस्क कुठून आली, असं काहींना वाटलं असेल. पण आम्ही इतिहासाची माणसं ज्याला 'साधन' म्हणतो, ते गेल्या तीस वर्षांत हळूहळू कागदावरून या डबीत गेलेलं आहे. सोसायटीची खातेवही, शाळेचं जनरल रजिस्टर, देवस्थानच्या ट्रस्टचं इतिवृत्त, साप्ताहिकाचा अंक, फोटो स्टुडिओतली लग्नं, सगळं. उद्या कुणी 2000 ते 2020 या काळातल्या सातारा-सांगलीचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला आधी बंद पडलेल्या हार्ड डिस्क उघडाव्या लागतील. त्या उघडतील का, आणि उघडल्या तर वाचता येतील का, हा आजचा विषय.

सातारा आणि सांगली एकत्र का घेतले, तेही सांगतो. 1949 मध्ये दक्षिण सातारा नावाचा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. म्हणजे यातली बरीच दप्तरं कालपरवापर्यंत एका घरातली. शिवाय कृष्णा दोघांची एकच. महाबळेश्वरला उगम पावून वाई, माहुली, कऱ्हाड करत ती सांगलीला येते. आजच्या गोष्टीत नदीचाही भाग आहे.

ऑगस्ट 2019 आठवा. सांगलीला इर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 2005 च्या महापुरात ते 53 फुटांच्या पुढे गेलं होतं, आणि 'तेवढंच येईल' या हिशेबाने अनेकांनी सामान जुन्या खुणेच्या जरा वर उचलून ठेवलं होतं. ती खूण बुडाली. बाजारपेठेत, तळमजल्यावरच्या कार्यालयांत संगणक पाण्याखाली गेले. जुन्या नगर वाचनालयात पाणी शिरलं, हजारो पुस्तकं भिजली. पुस्तकांचे फोटो वर्तमानपत्रांत आले आणि लोक हळहळले. भिजलेल्या हार्ड डिस्कचा फोटो कोण काढणार? बाहेरून ती तशीच दिसते. पुसली, उन्हात ठेवली, वायर लावली, झालं. आणि नेमकं तिथेच सगळं संपतं.

ते का, हे समजायला आत काय असतं ते पाहू. हार्ड डिस्कचा जन्म 1956 चा. आयबीएमच्या पहिल्या यंत्रात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून आजच्या मोबाइलमधल्या एक-दोन फोटोंएवढा मजकूर मावत असे. आकार लहान झाला, पण तत्त्व तेच राहिलं. चकतीवर चुंबकीय थर, ती मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरते, आणि तिच्यावरून वाचणारं टोक, म्हणजे 'हेड', हवेच्या पातळ थरावर तरंगत जातं. मधलं अंतर काही नॅनोमीटर. आपला एक केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो. डबी पूर्ण बंदही नसते. हवेचा दाब सारखा राहावा म्हणून बहुतेक डिस्कना एक बारीक भोक असतं, गाळणी लावलेलं. महापुराचं पाणी तिथून आत जातं आणि सोबत गाळ नेतं. उन्हात डिस्क वाळली की गाळ चकतीवर चिकटतो. मग वीज दिली की हेड त्या गाळावर आपटतं, 'टक टक' आवाज येतो आणि ज्या थरावर आपला मजकूर आहे तोच थर खरवडून निघतो. पाण्याने मारलं नव्हतं ते आपल्या घाईने मारलं जातं.

म्हणून भिजलेल्या डिस्कचा पहिला नियम आपल्याला उलटा वाटेल असा आहे : वाळवू नका, चालू करू नका. तांदळात पुरू नका. प्लास्टिकच्या पिशवीत दमट ठेवूनच ज्यांच्याकडे निर्धूळ खोली आहे अशा जाणकारांकडे पोचवा. ते चकत्या धुतात, तसंच हेड बसवून डिस्क काही तासांपुरती जिवंत करतात. भिजलेल्या कागदाचं वेगळं असतं. कागदाला बुरशी लागू नये म्हणून तो गोठवून ठेवता येतो, नंतर सावकाश सुकवता येतो. फ्रीजरचा हा उपाय डिस्कला लावला तर आत बाष्प धरून उरलंसुरलंही जातं.

पण सगळं गेलं असं समजून डिस्क भंगारातही टाकू नका. 1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया यान कोसळलं. अवशेषांत एक जळकी हार्ड डिस्क सापडली, तीही काही महिन्यांनी. तिच्यावर एका वैज्ञानिक प्रयोगाची नोंद होती. बाहेरचा साचा वितळला होता, पण चकत्या वाकल्या नव्हत्या. सुमारे 99 टक्के मजकूर परत मिळाला आणि त्या प्रयोगाचा निबंध 2008 मध्ये प्रसिद्ध झाला.

आता आपण घरी येऊ. कारण 'डेटा रिकव्हरी' हा शब्द नवा असला तरी हे काम आपल्या दोन जिल्ह्यांत सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झालं होतं.

वाईत हाती लागलेल्या जुन्या पत्रांतून इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड 1898 मध्ये काढला. 1750 ते 1761, म्हणजे पानिपतापर्यंतचा काळ. पुढे असे बावीस खंड झाले. तिकडे मिरजेत शाळामास्तर वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांचं दप्तर वाचत बसले होते. त्यातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' उभा राहिला. आणि साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस. मेणवलीचं नाना फडणिसांचं दप्तर त्यांनी मिळवलं, 1925 मध्ये साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उघडलं.

या माणसांनी नेमकं काय केलं? रुमाल सोडला की आत पत्रांचा गठ्ठा. मोडीत लिहिलेली, कडा वाळवीने खाल्लेली. पत्राखाली तारीख असते ती 'छ 14 जमादिलाखर' अशी. 'छ' म्हणजे चंद्र, महिना मुसलमानी, आणि साल पुष्कळदा नाहीच. गठ्ठ्याची यादी असलीच तर हरवलेली, क्रम विसकटलेला. मग पत्रात कुणाचा मृत्यू कळवलाय, कुठला मुक्काम लिहिलाय, कोणता सण आलाय, यावरून साल काढायचं आणि पत्र आपल्या जागी लावायचं. खरेशास्त्र्यांनी तर पत्रांच्या मधेमधे स्वतः प्रास्ताविकं लिहून गोष्टीचा धागा जोडून दिला.

बिघडलेल्या डिस्कवरून फाइल परत काढणारा माणूस अगदी हेच करतो. डिस्कवर मजकूर एका ठिकाणी असतो आणि कुठली फाइल कुठे आहे याची यादी दुसऱ्या ठिकाणी. आपण फाइल डिलीट करतो तेव्हा साध्या हार्ड डिस्कवर फक्त यादीतली ओळ खोडली जाते. मजकूर तिथेच पडलेला असतो, त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून चुकून काही पुसलं गेलं तर त्या डिस्कवर आणखी काहीही साठवायचं नाही, हा दुसरा नियम. यादीच बिघडली असेल तर फोटोरेकसारखी सॉफ्टवेअर्स यादीकडे पाहतच नाहीत. ती सगळी डिस्क पानपान चाळतात आणि सुरुवातीच्या खुणेवरून फाइल ओळखतात. जेपीईजी फोटो ठरावीक अंकांनी सुरू होतो, पीडीएफच्या तोंडाशी पीडीएफ हीच अक्षरं असतात. मोडी पत्र 'श्री'ने आणि मायन्याने ओळखावं तसं. सापडलेल्या फाइलला नाव नसतं, बहुधा तारीखही नसते. मग पुन्हा खरेशास्त्र्यांचंच काम : आत वाचा आणि साल काढा.

तिसरा नियमही जुन्या मंडळींचाच. मूळ कागदावर काम करायचं नाही, आधी नक्कल करायची. डिस्क आजारी असेल तर तिच्यावर दुरुस्तीचे प्रयोग करू नयेत. आधी तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवायची आणि जो काही खटाटोप करायचा तो प्रतीवर. यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं फुकट मिळणारं साधन आहे. ते आधी सोपे, धड भाग वाचून घेतं, खराब जागा सोडून देतं, त्यांची नोंद ठेवतं आणि शेवटी पुन्हा त्या जागांकडे वळतं. मोडी वाचणाराही असाच पुढे जातो. अडलेला शब्द सोडतो, टिंबं देतो, पत्र संपलं की परत येतो. अडलेल्या शब्दावर बोट घासत बसलं की कागद फाटतो.

इथपर्यंत साम्य झालं. एक अडचण मात्र खास आपली, मराठीची आहे. समजा डिस्क वाचली, फाइल मिळाली, उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसला. फाइल बिघडलेली नसते. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्याकडचे डीटीपीवाले, छापखाने, साप्ताहिकं श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा प्रणालींवर काम करत. त्यातल्या बहुतेक फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत, आणि प्रत्येकाची घरं वेगळी. तो फॉन्ट नसेल तर मजकूर मुका. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे, पण आपल्या गावातल्या छापखान्यापर्यंत ते पोचायला पुष्कळ वर्षं गेली. त्या मधल्या काळाचा मजकूर आज एका नव्या मोडीत पडून आहे. फॉन्ट ओळखणारा माणूस आणि त्या फॉन्टचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारा तक्ता असला की तो वाचता येतो. पण मोडीचं काय झालं? शाळेतून ती गेली आणि दोन पिढ्यांत वाचणारे हाताच्या बोटांवर आले. जुन्या डीटीपी ऑपरेटरांची पिढी आता साठीकडे चालली आहे. त्यांना विचारायचं असेल तर आत्ताच विचारायला हवं.

आणि एका गोष्टीत हार्ड डिस्क रुमालापेक्षा फार कच्ची आहे. कागद हळूहळू मरतो. अर्धा खाल्ला तरी उरलेला अर्धा वाचता येतो. मेणवलीचं दप्तर पिढ्यानपिढ्या वाड्यात पडून राहिलं तरी वाचण्याजोगं उरलं. डिस्क तशी पडून राहणार नाही, पंधरा वर्षांचाही भरवसा नाही. सध्याच्या एसएसडीत तर पुसलेला मजकूर बहुधा यंत्र स्वतःच साफ करून टाकतं, आणि वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिली तर तिच्यातला विद्युतभार उतरत जातो. म्हणजे 'माळ्यावर ठेवलंय, कुणीतरी कधीतरी बघेल' ही आपली जुनी सवय इथे चालत नाही. राजवाडे येईपर्यंत थांबायची सोय या साधनाला नाही.

मग राजवाडे, खरे, पारसनीस यांच्याकडून घ्यायचं काय? त्यांनी कागद शोधले हे मोठंच, पण ते टिकले कशामुळे? छापले म्हणून. एका पत्राच्या शेकडो प्रती गावोगावच्या ग्रंथालयांत गेल्या. एखादा वाडा जळो, एखादं कपाट बुडो, मजकूर दुसरीकडे शिल्लक आहे. पारसनिसांचं 1926 मध्ये निधन झालं, आणि साताऱ्याचा तो संग्रह 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. साताऱ्यातून गेला याचं अनेकांना वाईट वाटतं, ते रास्तच आहे. पण तो एका माणसाच्या आयुष्यावर अवलंबून राहिला नाही, एका संस्थेच्या हवाली झाला, म्हणून आज अभ्यासकांना मिळतो.

आपल्या डिस्कची गोष्ट याच्या उलट आहे. प्रत एकच, ती एकाच टेबलाखाली, आणि पासवर्ड एकाच कारकुनाला ठाऊक. तो निवृत्त झाला की दप्तर बंद. महापूर यायचीही गरज नाही. मेलेल्या डिस्कवरून मजकूर काढायला जो खर्च येतो तो गावच्या वाचनालयाला किंवा छोट्या सोसायटीला झेपत नाही. नवी डिस्क घेऊन दुसरी प्रत करायला त्याच्या तुलनेत फार थोडे पैसे लागतात. पण तो खर्च बुडण्याआधी करायचा असतो, म्हणून कुणी करत नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक संस्थेने या वर्षी आपल्याकडच्या डिस्क, सीडी, पेन ड्राइव्ह यांची एक यादी करावी, कागदावर, शाईने. कशात काय आहे, कोणत्या सालचं आहे, मराठी कोणत्या फॉन्टमध्ये आहे, एवढंच. चालू आहेत त्यांची प्रत काढावी, बंद आहेत त्या टाकून न देता चिठ्ठी लावून बाजूला ठेवाव्यात. आणि दुसरी प्रत त्याच इमारतीत ठेवू नये. सांगलीकरांनी आपली प्रत साताऱ्याला ठेवावी, सातारकरांनी आपली सांगलीला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी कृष्णेचं पाणी चढत नाही. साताऱ्यात एखादं कपाट जळालं तर त्याची झळ सांगलीला लागत नाही. सांगली जिल्ह्याचे काही तालुके 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते, तेव्हा एकमेकांचं दप्तर सांभाळायला नवीन नातं जोडायचीही गरज नाही.

2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलं होतं. ते परत येणार हे नदीकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पुढच्या वेळी आपलं दप्तर दोन ठिकाणी असावं, एवढी तयारी आपल्या हातात आहे.