अवघड वाट ही पात्रतेची कसोटी नव्हे

लिनक्स आणि त्याच्या जवळपासच्या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांमध्ये एक मत फार दिवसांपासून रुजलेले आहे. या सिस्टीमच्या संकेतस्थळांवर नवख्या माणसाचा गोंधळ उडतो, हे ते मत नाकारत नाही. गोंधळ उडाला तर उडू द्या, असे त्याचे म्हणणे असते. ज्याला आपल्या संगणकाला लागणारी फाइल शोधता येत नाही, त्याला पुढे ती सिस्टीम सांभाळता येणार नाही. तेव्हा त्याची परीक्षा सुरुवातीलाच झालेली बरी. याच्या जोडीला आणखी तीन मुद्दे येतात. हे काम स्वयंसेवकांचे आहे, नवख्यांची सरबराई करायला त्यांना वेळ कुठून आणायचा? पान सोपे केले की जाणकारांची गैरसोय होते. आणि माणसे मागे फिरतात ती संकेतस्थळामुळे नव्हे, हवी ती सॉफ्टवेअर इथे चालत नाहीत म्हणून.

हा पूर्वपक्ष मांडणाऱ्यांपैकी अनेकांनी रात्री जागून, पैसाही न घेता, जगाच्या उपयोगी पडणारी सॉफ्टवेअर लिहिली आहेत. त्यामुळे त्यांच्या मुद्द्यांचा परामर्श आदरानेच घ्यायला हवा. तरीही हे मुद्दे टिकत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. संकेतस्थळ हा सिस्टीमचाच पहिला भाग आहे. तिथली अडचण प्रोग्राममधल्या बगइतकीच गंभीर मानून दुरुस्त केली पाहिजे.

आधी कसोटीचा मुद्दा घेऊ. फ्रीबीएसडी ही जुनी, भक्कम सिस्टीम आहे. साध्या इंटेल लॅपटॉपसाठी ती उतरवून घ्यायची, तर प्रोसेसरच्या प्रकारांतून ‘एएमडी६४’ निवडावे लागते. इंटेलचा संगणक असलेला माणूस इथेच थबकतो. ६४ बिटांची ही रचना आधी एएमडीने आणली, इंटेलने ती नंतर उचलली, म्हणून ते नाव पडले. हा इतिहास माहीत असेल तरच निवड बिनघोर करता येते. पुढे फाइलींची यादी लागते : ‘डिस्क१’, ‘डीव्हीडी१’, ‘बूटओन्ली’, ‘मेमस्टिक’, ‘मिनी-मेमस्टिक’. पेनड्राइव्ह वापरायचा तर ‘मेमस्टिक’ घ्यायची. फ्रीबीएसडीच्या हँडबुकात या फाइलींची माहिती आहे आणि ते हँडबुक उत्तमच आहे. पण नवख्याला निर्णय घ्यायचा असतो तो फाइलींच्या यादीसमोर, हँडबुक उघडण्याआधी. नेहमीप्रमाणे इन्स्टॉल केल्यावर शेवटी समोर येते ते अक्षरी लॉगिन, खिडक्या आणि चिन्हांचा डेस्कटॉप नव्हे, हेही त्याला त्याच क्षणी कळायला हवे असते.

आता सांगा, योग्य फाइल निवडणाऱ्याविषयी या परीक्षेतून काय कळले? त्याची चिकाटी कळली नाही, बुद्धी कळली नाही. त्याला कुणीतरी आधी सांगितले होते, एवढेच कळले. पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेजारच्या बाकावर लिनक्स वापरणारा मित्र असतो. गडचिरोलीतल्या शाळेत जुना संगणक पुन्हा चालता करू पाहणाऱ्या शिक्षकाजवळ असा मित्र नसतो. चिकाटी कदाचित त्या शिक्षकाचीच जास्त असेल. ओळखीपाळखी मोजणाऱ्या चाळणीला पात्रतेची कसोटी म्हणणे हा उघड अन्याय आहे.

डेबियनचा अनुभव याहून बोलका आहे. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पाच्या पायावर उबंटूसकट कितीतरी सिस्टीम उभ्या आहेत. डेबियनच्या पानावर चटकन हाती येते ती ‘नेटइन्स्ट’ फाइल. ती लहान असते, कारण बाकीचे बरेचसे सॉफ्टवेअर ती इन्स्टॉल होताहोता इंटरनेटवरून आणते. पण अनेक लॅपटॉपांमधले वायफाय सुरू व्हायला ते कार्ड बनवणाऱ्या कंपनीचे फर्मवेअर लागते. ते फर्मवेअर मुक्त नाही, म्हणून अधिकृत फाइलमध्ये घातले जात नसे. म्हणजे जिला इंटरनेट हवे ती फाइल हातात, आणि इंटरनेट सुरू करणारा तुकडा तिच्यात नाही. इन्स्टॉलर मध्येच थांबून ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ने सुरू होणारे एखादे फाइलनाव दाखवी आणि ती फाइल बाहेरून आणून द्यायला सांगे. फर्मवेअर घातलेली वेगळी प्रतही डेबियनचीच मंडळी बनवत होती. पण ती ‘अनधिकृत’ या शिक्क्याखाली आडबाजूला ठेवलेली असे. जाणकार नेमके तिथे जात. नवखा अधिकृत फाइलवर विश्वास ठेवी आणि अडके.

यात तत्त्वाचा प्रश्न खरा होता आणि तो प्रामाणिकपणे जपला गेला होता. पण १९९७ च्या ज्या सामाजिक कराराने डेबियनला मुक्त सॉफ्टवेअरशी बांधले, त्याच कराराने वापरणाऱ्यांचे हितही तितकेच अग्रक्रमाचे मानले आहे. २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी या प्रश्नावर मतदान घेतले. करार बदलायचा तर तीनास एक बहुमत लागते. ती अट पार झाली. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून हे फर्मवेअर अधिकृत फाइलमध्येच मिळू लागले. ही अडचण सदस्यांनी नवख्याच्या पात्रतेवर सोडून दिली नाही. ती दूर करणे हे प्रकल्पाचे काम आहे, असा कौल त्यांनी दिला. तत्त्वनिष्ठेसाठी नावाजलेल्या प्रकल्पाचा हा निर्णय पूर्वपक्षाने विचारात घ्यायलाच हवा.

‘आधी वाचा, मग विचारा’ म्हणणारे एरिक रेमंड यांचा हवाला हमखास देतात. रेमंड यांनी रिक मोएन यांच्यासह २००१ साली प्रश्न कसे विचारावेत याची एक मार्गदर्शिका लिहिली आणि ती जगभर वाचली गेली. पण त्याच रेमंड यांनी २००४ साली लिहिलेला लेख फारसा कुणी सांगत नाही. नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकाला जोडलेला प्रिंटर सुरू करताना ‘कप्स’ या मुक्तस्रोत छपाई-व्यवस्थेने त्यांच्यासारख्या मुरलेल्या प्रोग्रामरला जेरीस आणले. त्याचा दोष त्यांनी बनवणाऱ्यांना दिला. वापरणाऱ्याला आतले तपशील माहीत नसले तरी त्याचे अडू नये, असा त्या लेखाचा सारांश आहे. प्रश्न विचारणाऱ्याची जबाबदारी सांगणाऱ्यानेच बनवणाऱ्याची जबाबदारीही सांगितली. हवाला द्यायचा तर दोन्हींचा द्यावा.

स्वयंसेवकांना वेळ नाही, हे खरे आहे. पण तोच प्रश्न दर आठवड्याला नव्या माणसाने विचारायचा आणि तेच उत्तर पुन्हा लिहायचे, यात जाणारा वेळही स्वयंसेवकांचाच असतो. नीट लिहिलेले एक पान तो वाचवते. स्वयंसेवक असे लिहू शकतात याचा पुरावा आर्च लिनक्सच्या विकीत आहे. इतर सिस्टीम वापरणारेही अडले की तिचा आधार घेतात. आर्च आपण अनुभवी माणसांसाठी आहोत हे स्पष्ट सांगते. मी तेही स्वागतार्हच मानतो, कारण आपली जागा ही नव्हे, हे नवख्याला पहिल्याच पानावर कळते आणि त्याचे दोन दिवस वाचतात. डेबियननेही डिसेंबर २०२० मध्ये आपले मुखपृष्ठ नव्याने मांडले, डाउनलोडचे बटण ठळक केले. हातांची कमतरता आहेच. पण असलेल्या हातांनी कुठले काम आधी घ्यायचे, हा निवडीचा प्रश्न आहे.

सोपेपणाने जाणकारांचे नुकसान होते, हा मुद्दा फेडोराने कृतीने खोडला आहे. २०१६ पासून फेडोराने ‘मीडिया रायटर’ हा छोटा प्रोग्राम पुढे ठेवला. तो फाइल उतरवतो, तपासतो आणि पेनड्राइव्हवर चढवून देतो. ज्यांना थेट फाइल हवी त्यांच्यासाठी ती आहेच. पहिल्या पानावर एक निवड आणि तिच्यामागे सगळे पर्याय, अशी मांडणी केली की दोघांचेही भागते. उबंटूचा इतिहासही हेच सांगतो. २००४ साली ती आली तेव्हा तिचा पाया डेबियनचाच होता. पण एक सीडी, एक डेस्कटॉप आणि मागणी नोंदवली की ती सीडी फुकट घरपोच, अशी तिची रीत होती. ‘शिपइट’ नावाची ही योजना २०११ पर्यंत चालली. डायल-अपवर ७०० एमबीची फाइल उतरवणे जिथे अशक्यप्राय होते, त्या भारतातल्या घरांतही या सीडी पोचल्या. तंत्राचा पाया तोच असताना, माणसापर्यंत पोचण्याच्या रीतीने केवढा फरक पडतो, हे यावरून दिसते.

राहिला मुद्दा सॉफ्टवेअर न चालण्याचा. तो अर्धा मान्य करतो. टॅलीवर चालणारे दुकान किंवा विशिष्ट फाँट-सॉफ्टवेअरवर चालणारे डीटीपीचे काम रातोरात इकडे येणार नाही. पण मग हे पहिल्याच पानावर सांगायला काय हरकत आहे? इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच सिस्टीम चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, प्रिंटर सगळे तपासता येते आणि हार्ड डिस्कवरच्या फाइलींना धक्काही लागत नाही. नवख्याची निम्मी भीती घालवणारी ही सोय कित्येक ठिकाणी ‘लाइव्ह’ या एका शब्दात गुंडाळलेली असते.

सुरक्षिततेचेही तसेच. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि डाउनलोडचा दुवा बदलून चोरवाट ठेवलेली फाइल लोकांच्या माथी मारली गेली. उतरवलेली फाइल अस्सल आहे का, हे तपासायचा उपाय म्हणून बहुतेक पाने ६४ अक्षर-अंकांची एक ओळ देतात. ती कशाशी आणि कशी ताडून पाहायची, हे नवख्याच्या भाषेत सांगितलेले नसेल तर त्या ओळीचा त्याला काडीचा उपयोग नाही. म्हणजे इथे सोपे लिहिणे हा सुरक्षेचाच भाग झाला.

मग चांगले पान कसे असावे? हातात कोणता संगणक आहे, हे ते आधी विचारील. ठरवता येत नसेल तर एकच नाव सुचवील. बॅकअप घ्या, हे इन्स्टॉल करण्याआधी सांगील, नंतर नव्हे. पेनड्राइव्हवरून सुरू करायला कोणती कळ दाबायची, काय चालणार नाही आणि अडल्यास कुठे विचारायचे, हे क्रमाने सांगील. असे पान जमले का, हे पाहण्याची रीतही जुनीच आहे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले की पाच माणसांना वापरायला बसवून नुसते पाहत राहिले, तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. पाच माणसे गोळा करणे कुठल्याही प्रकल्पाला अवघड नाही.

हे काम आत्ताच करण्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात, त्यामुळे धडधाकट चालणारे असंख्य संगणक बाजूला पडत आहेत. केडीई आणि इतर मुक्तस्रोत प्रकल्पांनी याच निमित्ताने ‘एंड ऑफ टेन’ ही मोहीम काढली. या संगणकांचे मालक आज पहिल्यांदाच लिनक्सच्या पानांवर येत आहेत.

मराठी वापरकर्त्यांना यात खास काम आहे. डेबियनच्या ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठी आहे. ती तिथवर आणणाऱ्या भाषांतरकारांचे आपल्यावर ऋण आहे. पण त्या यादीपर्यंत पोचायचे तर आधी इंग्रजी पाने, इंग्रजी फाइलनावे आणि इंग्रजी सूचना ओलांडाव्या लागतात. ज्याला मराठी इन्स्टॉलरची सर्वांत जास्त गरज, तोच तिथे पोचत नाही. तेव्हा लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला माझी विनंती आहे : आपल्या सिस्टीमच्या डाउनलोड-पानासमोर घरातल्या किंवा शाळेतल्या एका नवख्याला बसवा, मध्ये न बोलता पाहा, तो जिथे अडेल ती जागा त्या प्रकल्पाकडे बग म्हणून नोंदवा, आणि जमल्यास ते पान मराठीत आणा.