उमेशू : बरणीतला जपानी इतिहास

जपानी ‘प्लम वाइन’ या नावाने जे पेय मोठ्या शहरांतील हॉटेलांत मिळते, त्याच्या नावातील दोन्ही शब्द फसवे आहेत. ज्या फळापासून ते करतात ते आपल्या बाजारात येणारे आलुबुखार नव्हे. आणि ते वाइनही नव्हे, कारण त्यात फळाचा रस आंबवतच नाहीत. जपानी लोक त्या फळाला ‘उमे’ म्हणतात आणि पेयाला ‘उमेशू’, म्हणजे उमेची दारू. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने उमे हे जर्दाळूचे जवळचे भावंड. कच्चे असताना ते हिरवे, लहान लिंबाएवढे आणि कमालीचे आंबट असते. झाडावरून तोडून ते तोंडात टाकू नये, असे जपानी आया मुलांना बजावतात, आणि त्याला कारण आहे. हिरव्या उमेत, विशेषतः त्याच्या बीत, अमिग्डालिन नावाचे द्रव्य असते व त्यातून विष निर्माण होऊ शकते. तेव्हा जे फळ सरळ खाता येत नाही, त्याचा एवढा लळा एका राष्ट्राला कसा लागला, हा खरा प्रश्न आहे.

पहिला लळा फळाचा नव्हता, फुलाचा होता. उमे जपानात चीनमधून आले. थंडी ओसरलेली नसताना, पाने फुटण्याआधीच ते फुलते; त्यामुळे वसंताची पहिली वर्दी तेच देते. आज जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चेरीचा बहर येतो. परंतु आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात उमेवरील कविता शंभराहून अधिक आहेत आणि चेरीवरील त्याच्या निम्म्याही नाहीत. इ. स. ७३० मध्ये ओतोमो नो ताबितो या अधिकाऱ्याच्या दाझाइफू येथील घरी उमेचा बहर पाहण्यासाठी मंडळी जमली होती. त्या दिवशीच्या कवितांना जी प्रस्तावना जोडलेली आहे, तिच्यातूनच २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘रेवा’ या राजशकाचे नाव घेतले आहे. त्याच दाझाइफूला ९०१ मध्ये सुगावारा नो मिचिझाने या पंडिताला दरबारी कारस्थानामुळे हद्दपार व्हावे लागले, आणि ९०३ मध्ये तेथेच त्याचा अंत झाला. त्याच्या क्योतोच्या अंगणातील उमेचे झाड धन्याच्या ओढीने एका रात्रीत उडत तेथे गेले, अशी कथा सांगतात. पुढे मिचिझाने विद्येचा देव झाला. परीक्षा जवळ आल्या की विद्यार्थी आजही त्याच्या देवळात रांगा लावतात. देव कोणताही असो, परीक्षेच्या दिवसांत भक्ती वाढते, हे आपणांस सांगावयास नको!

फळाचा उपयोग प्रथम झाला तो मिठात खारवून वाळवलेल्या ‘उमेबोशी’साठी. टिकाऊ, हलके आणि तोंडाला पाणी सुटेल असे हे खारे फळ सैनिकांच्या शिदोरीत असे. मितो येथे तोकुगावा नारिआकी याने १८४२ मध्ये ‘कैराकुएन’ हे उद्यान उघडले. तेथे उमे लावताना फुलांच्या शोभेबरोबर संकटकाळच्या साठ्याचाही विचार होता. फुलाकडे पाहून कविता करावी आणि फळ मोजून कोठारात ठेवावे, ही दोन्ही कामे एकच मनुष्य करीत असे.

मग दारू कोठून आली? १६९७ मध्ये हितोमी हित्सुदाई या वैद्याचा ‘होनचो शोक्कान’ हा आहारविषयक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात उमेशूची कृती दिली आहे. अर्धपिकी फळे राखेच्या पाण्यात रात्रभर ठेवावी, पुसून साकेने धुवावी. अशी दोन शो फळे, पाच शो जुनी साके आणि सात किन पांढरी साखर एकत्र करून भांड्यात मुरत ठेवावी. एक शो म्हणजे सुमारे १.८ लिटर, एक किन म्हणजे सुमारे ६०० ग्रॅम. म्हणजे नऊ लिटर साकेला चार किलोवर साखर! आम्हांला या कृतीतील सर्वांत बोलका घटक साखर वाटते. त्या काळी ती डच आणि चिनी जहाजांतून नागासाकी बंदरात उतरे. औषधासारखी जपून वापरावी इतकी ती मोलाची होती. शोगुन योशिमुने याने अठराव्या शतकात देशी ऊसलागवडीला उत्तेजन दिले ते याच परावलंबनामुळे. उमेचे झाड परसात असले, तरी उमेशू गरिबाच्या घरी होत नव्हती.

साखर स्वस्त झाली तेव्हा आडवा आला कायदा. मेजी सरकारला सैन्य आणि आरमार उभारण्यासाठी पैसा हवा होता, आणि तो दारूवरील करातून हमखास मिळे. १८९९ मध्ये घरगुती साके करण्यावर संपूर्ण बंदी आली. त्याच सुमारास दारूच्या कराने जमीनमहसुलालाही मागे टाकले. कर भरलेल्या दारूत घरी फळे मुरवणे हेसुद्धा कायद्याच्या काटेकोर अर्थाने ‘नवी दारू तयार करणे’ ठरत असे. आपल्या भागातही याच जातीचा इतिहास आहे. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणि त्यामागून १८९२ चा मोहाच्या फुलांसंबंधीचा कायदा यांनी ठाणे-कुलाब्याकडील रानातल्या माणसाच्या झोपडीतील मोहाच्या फुलांवरही सरकारी नजर ठेवली. १९४९ च्या मुंबई राज्याच्या दारूबंदीमागे नीतीचा विचार होता; या जुन्या कायद्यांमागे मात्र तिजोरीचा होता, आणि जपानातील बंदीही त्याच कुळातली.

लोकांनी काय केले? जपानी गृहिणी उमेशू घालीत राहिल्या. जूनमध्ये पावसाला तोंड फुटले की फळ तयार होते. त्या पावसाला जपानीत जी अक्षरे लिहितात त्यांचा अर्थच ‘उमेचा पाऊस’. आपल्याकडे पहिल्या सरींच्या आत लोणच्याच्या बरण्या भरण्याची घाई असते, तशीच तेथे ही लगबग. एवढ्या घरांना गुन्हेगार ठरवीत बसण्यात अर्थ नाही, हे सरकारला अखेर पटले, आणि १९६२ मध्ये कायदा बदलला. घरच्या माणसांसाठी, विक्री न करता, निदान २० टक्के मद्यार्काच्या दारूत फळे मुरवण्यास मोकळीक मिळाली. द्राक्षे मात्र वगळली. विसाची अट अशासाठी, की त्याहून सौम्य दारूत रस पुन्हा आंबू लागतो आणि खरोखरच नवी दारू तयार होते. खाणावळींना आपल्या गिऱ्हाइकांसाठी ही सवलत मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. ओसाकाजवळच्या हाबिकिनो येथे १९१४ मध्ये द्राक्षांच्या मळ्यापासून सुरुवात केलेल्या चोया या घराण्याने १९५९ मध्ये बाटलीबंद उमेशू विकण्यास प्रारंभ केला होता. पण परसातील बरणी आणि दुकानातील बाटली यांची खरी जोडी जमली ती कायदा सैल झाल्यावर.

याच वर्षांत फळाचाही शोध लागत होता. वाकायामा प्रांतातील मिनाबे गावी १९५० पासून पाच वर्षे उत्तम झाडाची निवड चालली. या कामी तेथील शाळेतील शिक्षक व विद्यार्थी राबले, आणि निवडलेल्या वाणाला ‘नानको’ हे नाव देताना त्या शाळेचे नावही आठवले गेले. १९६५ मध्ये त्याची नोंद झाली. आज जपानातील निम्म्याहून अधिक उमे वाकायामात पिकते.

घरची कृती साधी आहे. एक किलो हिरवी, टणक फळे धुऊन कोरडी करावी आणि देठाकडील काळी टिकली बांबूच्या काडीने काढावी. काचेच्या बरणीत फळे आणि खडीसाखर यांचे थर द्यावे. साखर गोडाच्या आवडीप्रमाणे अर्धा ते एक किलो. वर ३५ टक्क्यांची, स्वतःचा वास नसलेली शोचू १.८ लिटर ओतावी. खडीसाखरच का? ती सावकाश विरघळते. आधी दारू फळात शिरते, मग बाहेरचा पाक दाट होत जातो तसा फळातील रस आणि सुगंध तो ओढून घेतो. पिठीसाखर घातली तर फळ एकदम सुरकुतते आणि रस आतच अडकतो. बरणी अंधारात ठेवावी. तीन महिन्यांनी पिता येते, पण वर्ष थांबावे. रंग सोनेरीवरून पिंगट होतो आणि बीतून बदामासारखा गंध उतरतो.

विकत घेताना लेबल वाचावे. कित्येक बाटल्यांत आम्ल आणि वास वरून मिसळलेले असतात. म्हणून २०१५ पासून केवळ उमे, साखर व मद्य यांपासून केलेल्या पेयाला ‘होनकाकू’, म्हणजे अस्सल, उमेशू म्हणण्याचा संकेत तेथील उत्पादकांनी ठरवला आहे.

पिण्याची रीत ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात बर्फाच्या मोठ्या खड्यावर किंवा सोड्यातून, हिवाळ्यात गरम पाणी मिसळून. आमच्या मते जुन्या उमेशूची खरी परीक्षा गरम पाण्यातच होते, कारण वाफेबरोबर बीचा गंध आधी नाकाशी येतो. गोडीमुळे ती सौम्य वाटते. पण घरच्या बरणीतील उमेशू बाजारातल्यापेक्षा बरीच कडक असते, तेव्हा पेला लहान घ्यावा आणि जेवणाआधी घ्यावा. तळाशी राहिलेली फळे टाकीत नाहीत. एखादे पेल्यात घालून पाहुण्यापुढे ठेवतात, बाकीच्यांचा बी काढून मुरंबा करतात.